वाकलेल्या कण्याचे गप्पी : दोन टाक्यांच्या नोंदी

२२ जून २०२५

माझी भाची मधुरा प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकत असून तिने महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी आमच्या भांडुपच्या घरातील गप्पी माशांचा विषय घेतला आहे. निरीक्षणे तिची आणि नोंदवही माझी, असे आमचे ठरले आहे. हॉलमधील टाकीत मोझॅक गप्पी आहेत. ते कुर्ल्याच्या बाजारातून वेगवेगळ्या वेळी आणलेले असून त्यांतील दोन प्रौढ माद्यांच्या पाठीला अलीकडे बाक आला आहे. बाल्कनीतील टाकीत लाल अल्बिनो गप्पी आहेत. ते सगळे एका हौशी संगोपकाने दिलेल्या एकाच जोडीचा विस्तार आहेत आणि त्यांच्या प्रत्येक वेतात काही पिल्ले वाढता वाढता वाकडी होतात.

दुकानदारापासून शेजाऱ्यांपर्यंत ज्याने त्याने दोन्ही टाक्यांकडे पाहून 'माशांचा टीबी' असे एकच निदान केले. नोकरीची सगळी वर्षे क्षयरोगाच्या थुंकी तपासणीत गेल्यामुळे हे नाव पुराव्यावाचून घेतलेले मला खपत नाही. वाकडा कणा हे लक्षण आहे. त्याच्या मागे आनुवंशिक दोष, अन्नातील उणीव, जंतुसंसर्ग, विषबाधा, इजा किंवा निव्वळ म्हातारपण यांपैकी काहीही असू शकते, आणि नुसत्या वाकाकडे पाहून त्यांतील एकही कारण ओळखता येत नाही. मासा कोणत्या वयात वाकला, त्याच्याबरोबर आणखी कोण वाकले आणि वाकण्याआधी त्याचे खाणे कसे होते, या तीन गोष्टींची नोंद झाल्याशिवाय कोणत्याही टाकीत औषध पडणार नाही, असे मधुराला आजच सांगून ठेवले आहे.

२४ जून

मोजमापाची पद्धत ठरवली. अरुंद काचेच्या भांड्यात एकेक मासा थोडा वेळ ठेवायचा, भांड्यामागे आलेख कागद लावायचा आणि मोबाइलने एक छायाचित्र बाजूने व एक वरून घ्यायचे. दोन्ही बाजूंनी घेण्याचे कारण असे की, कणा डाव्या-उजव्या अंगाला वळला असेल, म्हणजे स्कोलिओसिस असेल, तर तो वरून पाहिल्यावरच कळतो. उलट पाठीला पोक असेल (कायफोसिस) किंवा पाठ मध्येच खाली खचलेली असेल (लॉर्डोसिस), तर ते बाजूने दिसते. हॉलमधील थोरली मादी बाजूने पाहिली तर नुसती मलूल वाटते, पण वरून पाहिल्यावर तिचा कणा दोन ठिकाणी उलटसुलट वळलेला स्पष्ट दिसतो. तिचे पोट खपाटीला गेले आहे आणि पाठ सुरीच्या पात्यासारखी धारदार झाली आहे. बाल्कनीतील वाकड्या पिल्लांचे तसे नाही. त्यांची पाठ पृष्ठपराच्या पुढे खचलेली आहे, तरी पोटे भरलेली आहेत आणि खाद्य पडताच ती इतरांच्या बरोबरीने वर झेपावतात.

२९ जून

कारणे एकमेकांपासून वेगळी कशी काढायची, यावर मधुराशी बराच वेळ बोलले. तिने आंतरजालावरून मोठी यादी जमवून आणली होती. त्यांतील जे आमच्या टाक्यांना लागू पडत नाही ते आधी बाजूला काढले. निऑन टेट्रासारख्या माशांत स्नायूंत शिरणारे मायक्रोस्पोरिडिया हे परजीवी शरीर वाकवतात आणि तो भाग फिकट, दुधाळ दिसू लागतो. आमच्याकडे टेट्रा नाहीत आणि असा पांढरेपणा कोणत्याही माशात आढळत नाही. ट्राऊट माशांतील 'गरगर फिरण्याचा रोग' हा थंड पाण्यातला, त्यामुळे तोही नको. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांमुळे स्नायू इतक्या जोराने आकसतात की मणके जागेवरून हलू किंवा मोडू शकतात, परंतु अशा वेळी एकाच पाण्यातील अनेक मासे एकदम आजारी पडतात. आमच्याकडील वाक हळूहळू आला आहे.

मग तीन कारणे उरली. पहिले आनुवंशिक. गप्पींमध्ये अशी वंशावळ शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष जोपासली आहे : तिच्यातील पिल्ले सरळ जन्मतात, वाढीच्या काळात वाकतात आणि त्यांच्या मणक्यांची घडण जन्मतः बिघडलेली नसते. किशोरवयीन मुलामुलींमध्ये कारण न सापडता येणाऱ्या स्कोलिओसिसशी याचे साम्य असल्याने त्या गप्पींवर संशोधन झाले आहे. दुसरे कारण अन्नातील उणीव, विशेषतः क जीवनसत्त्वाची. हाडांच्या व कूर्चेच्या बांधणीत लागणारे कोलॅजन क जीवनसत्त्वावाचून नीट घट्ट होत नाही. ते शरीरात तयार करण्याची क्षमता माणसाप्रमाणेच या माशांतही नाही, म्हणून ते खाद्यातूनच मिळावे लागते. ट्राऊट आणि कॅटफिश यांना क जीवनसत्त्वाविना वाढवले असता त्यांचे कणे वाकतात, हे जुन्या प्रयोगांतून सिद्ध झालेले आहे. तिसरे कारण मायकोबॅक्टेरियाचा, म्हणजे क्षयाच्या जंतूच्या कुळातील जंतूंचा संसर्ग; यालाच 'माशांचा टीबी' म्हणतात. हा दीर्घकाळ चालतो, बहुधा प्रौढ मासे पकडतो, मासा खाऊनही झिजत जातो, आणि वाक हे त्याच्या अनेक लक्षणांपैकी एक असते. खवले उचकटणे, बऱ्या न होणाऱ्या जखमा आणि डोळे बाहेर येणे ही इतर लक्षणे.

यातून एक चाचणीही सुचली. सोसायटीच्या आवारातील सिमेंटच्या हौदात डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिकेच्या कीटकनाशक खात्याने सोडलेले साधे, मातकट रंगाचे गप्पी आहेत. त्यांतून नरांपासून वेळीच वेगळी काढून वाढवलेली एक तरुण मादी मधुराकडे आहे. हे वेगळे काढणे महत्त्वाचे होते, कारण गप्पीची मादी एका मीलनानंतर नराचे शुक्राणू काही महिने साठवून ठेवू शकते आणि नंतरच्या वेतांचा बाप कोण, हे सांगता येत नाही. तिच्याबरोबर बाल्कनीतील एक किंचित वाकडा नर बाल्कनीतच वेगळ्या भांड्यात ठेवला. पाणी तेच, खाद्य तेच. पिल्ले सरळ वाढली तर दोष खाद्याचा नाही.

६ जुलै

खाद्याची चौकशी केली. कुर्ल्यात मोठ्या पोत्यातून काढून प्लास्टिकच्या पिशवीत भरून दिलेले सुटे दाणे स्वस्त पडतात, म्हणून आजवर तेच आणले जात होते. क जीवनसत्त्व हवा, उष्णता आणि ओल यांनी झपाट्याने नष्ट होते. चांगल्या कंपन्या त्याचे टिकाऊ रूप वापरतात, परंतु पोते केव्हा फुटले आणि किती दिवस उघडे राहिले, हे पिशवीवर लिहिलेले नसते. मुंबईच्या पावसाळ्यात, जिथे डब्यातले पोहेसुद्धा दोन दिवसांत सादळतात, तिथे उघड्या खाद्यात काय शिल्लक राहत असेल याचा अंदाज करता येतो. आजपासून छोटा, बंद डबा आणि त्यावर उघडल्याची तारीख.

तरीही सगळा दोष खाद्यावर टाकणे पटत नाही. दोन्ही टाक्यांना तेच खाद्य मिळत होते. हॉलमध्ये पिल्ले वाकली नाहीत आणि बाल्कनीत प्रौढ झिजले नाहीत.

पाण्याविषयीही येथेच लिहून ठेवते. आपल्याकडे तलावांचे, भांडुपला शुद्ध होऊन येणारे पाणी मृदू असते. गप्पींना थोडे कठीण पाणी मानवते, म्हणून फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा ठेवला आहे. मासे कॅल्शियम मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यातून घेतात, फॉस्फरस मात्र त्यांना अन्नातूनच मिळतो. शिंपल्यांनी वाकलेला कणा सरळ होतो, ही दुकानातली समजूत आहे. एकदा घडून गेलेला वाक कोणत्याही उपायाने परत जात नाही.

१३ जुलै

आवारात संध्याकाळी धूरफवारणी झाली. बाल्कनीतील टाकी ओल्या चादरीने झाकून एअर पंप तेवढा वेळ घरात घेतला, कारण पंप बाहेरची हवा ओढून थेट पाण्यात सोडतो आणि काच झाकण्याचा मग उपयोग राहत नाही. माशांत फरक दिसला नाही.

२० जुलै

हॉलमधील थोरली मादी आज सकाळी तळाशी मेलेली आढळली. काल रात्री ती श्वास घेत होती, म्हणजे मरून फार वेळ झाला नसावा. या हवेत काही तासांतच कुजणे सुरू होते आणि मग आतील अवयवांवरून काही सांगता येत नाही. घरच्या फ्रीजमध्ये मेलेला मासा ठेवायला अर्थातच घरातून विरोध झाला, आणि तो रास्तही होता. तोंड बंद पिशवीत घालून मादी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवली.

दुपारी हातमोजे घालून उघडली. यकृत फिकट होते. प्लीहा आणि मूत्रपिंड यांवर भिंगातून पांढुरके, खसखशीपेक्षाही बारीक ठिपके दिसले. प्लीहेचा तुकडा दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून कमी भिंगाखाली पाहिला तेव्हा ते ठिपके नुसते डाग नसून थरांवर थर चढलेल्या गोल गाठी असल्याचे कळले. शरीर ज्या शत्रूला मारू शकत नाही त्याला असे कोंडून ठेवते. मधुराने प्रथमच ग्रॅन्युलोमा पाहिला आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. प्लीहा, मूत्रपिंड आणि यकृत यांचे प्रत्येकी दोन लेप काचपट्ट्यांवर घेऊन वाळवले व उष्णतेने स्थिर केले. त्वचेचा आणि आतड्याचा लेप मुद्दाम घेतला नाही. मायकोबॅक्टेरियाच्या अनेक जाती नळाच्या पाण्यात, फिल्टरच्या स्पंजवरील बुळबुळीत थरात आणि गाळात एरवीही राहतात, त्यामुळे त्वचेवर किंवा आतड्यात ते सापडले तरी मासा त्यांनीच आजारी होता, असे ठरत नाही.

२२ जुलै

नाक्यावरील खासगी पॅथॉलॉजी लॅबमधील तंत्रज्ञ माझ्या हाताखाली शिकलेला आहे. दुपारी काम कमी असते तेव्हा त्याने बाक मोकळा करून दिला. "मॅडम, रंगवायचं तुम्हीच, मी फक्त बर्नर धरतो," असे तो म्हणाला. झील-नील्सन पद्धतीने रंगवले : कार्बोल फुक्सिन ओतून पट्टीखालून वाफ निघेपर्यंत शेक, मग २५ टक्के गंधकाम्लाने रंग काढणे आणि शेवटी मिथिलिन ब्लू. साधे जंतू आम्लात धुतले की गुलाबी रंग सोडतात. मायकोबॅक्टेरियाच्या भिंतीतील मेणासारखे घटक तो रंग धरून ठेवतात. शंभराच्या तेलभिंगाखाली प्लीहेच्या पट्टीत निळ्या पेशींच्या चिखलात गुलाबी-लाल, बारीक, किंचित वळलेले दांडे दिसले, कुठे एकटे, कुठे जुडीने. मूत्रपिंडातही होते. यकृताच्या दोन पट्ट्यांपैकी एकीत सापडले.

याचा अर्थ नेमका एवढाच की, मादीच्या आतील अवयवांत आम्लरोधी दंडाणू होते आणि त्यांच्याभोवती गाठी होत्या, म्हणून मायकोबॅक्टेरियाचा रोग असल्याचे मानायला जागा आहे. जात कोणती, हे रंगावरून कळत नाही. माशांमध्ये बहुधा मायकोबॅक्टेरियम मरिनम, फॉर्च्युइटम किंवा चेलोनी आढळतात, आणि पट्टीवर ते एकमेकांसारखेच दिसतात. माणसाच्या क्षयाचा जंतूही त्यांच्या शेजारी ठेवला तर वेगळा काढता येणार नाही. मधुराने सीबीनॅट करून पाहू का, असे विचारले. ती चाचणी क्षयाच्या जंतुसमूहासाठी घडवलेली आहे, माशाच्या जंतूबद्दल ती काही सांगणार नाही. शिवाय रुग्णांसाठीचे काडतूस एका गप्पीवर खर्च करणे योग्य नाही.

२७ जुलै

ज्या दुकानातून मासे आणले तेथील माणसाने रिफाम्पिसिन या क्षयावरील औषधाची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याचा सल्ला दिला. हौशी मंडळींत हा उपाय चालतो, हे मला माहीत आहे, आणि त्याच्याविरुद्ध लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मायकोबॅक्टेरियाच्या संसर्गावर माणसालासुद्धा बहुधा दोन किंवा अधिक औषधे एकत्र, महिनोन्महिने घ्यावी लागतात; गाठीच्या आत कोंडलेल्या जंतूपर्यंत पाण्यात विरलेली एखादी कॅप्सूल पोहोचेल, ही आशा व्यर्थ आहे. तिने होते ते इतकेच की, टाकीतील असंख्य जंतूंना अपुऱ्या मात्रेची ओळख होते आणि ते पाणी पुढे गटारात जाते. ज्या शहरात औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण वॉर्डावॉर्डांत आहेत, तेथे या औषधाशी खेळ करणे मला गुन्ह्यासारखे वाटते. दुकानदाराला मी हे शांतपणे सांगितले. त्याने मिथिलिन ब्लूची बाटली पुढे केली. तीही घेतली नाही, कारण ती बुरशीवर ठीक आहे आणि येथे निरुपयोगी.

३ ऑगस्ट

'माशांचा टीबी' हे नाव आले कोठून, याविषयीची टिपणे मधुराच्या अहवालासाठी देत आहे. १८९७ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी कार्प माशाच्या गाठीतून आम्लरोधी जंतू वेगळा केला. त्या तळ्यात क्षयरोग्याची थुंकी जात असल्यामुळे माणसाचाच क्षय माशात गेला असावा, असा तर्क तेव्हा झाला. पुढे १९२६ मध्ये अ‍ॅरन्सन यांनी फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयात मेलेल्या सागरी माशांमधून मायकोबॅक्टेरियम मरिनमचे वर्णन केले. माणसाला त्यापासून त्वचेचा रोग होतो, हे १९५१ मध्ये स्वीडनमधील एका पोहण्याच्या तलावाच्या निमित्ताने उजेडात आले, आणि तो जंतू वेगळा समजून त्याला १९५४ मध्ये निराळे नावही दिले गेले. दोन्ही एकच असल्याचे नंतर कळले.

माझ्या दृष्टीने यातील सर्वांत उपयोगाची गोष्ट तापमानाची आहे. हा जंतू ३० ते ३२ अंश सेल्सिअसला उत्तम वाढतो आणि ३७ अंशाला क्वचितच. म्हणून माणसात तो शरीराच्या थंड भागांत, बोटे, हाताची पाठ आणि कोपर येथे गाठी व व्रण करतो आणि सहसा आत शिरत नाही. परंतु प्रयोगशाळेत नमुना नेहमीच्या ३७ अंशांच्या उबवणी यंत्रात ठेवला तर काहीच वाढत नाही आणि अहवाल निरंक येतो. हातावर न भरणारी गाठ घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्याने घरात माशांची टाकी असल्याचे आपणहून सांगावे, कारण ते विचारायचे सुचेलच असे नाही.

घरातले नियम त्यावरूनच ठरले. हाताला कापलेले किंवा खरचटलेले असेल तर टाकीत हात नाही, एरवीही कोपरापर्यंतचे हातमोजे. पाणी काढताना नळी तोंडाने ओढायची नाही. हॉलची जाळी आणि बाल्कनीची जाळी निराळी. मेलेला मासा दिसताक्षणी बाहेर, कारण इतर मासे तो कुरतडतात आणि संसर्ग पसरण्याचा तो मुख्य मार्ग आहे. ट्युबिफेक्स नावाचे जिवंत किडे खाऊ घालणे बंद केले.

१० ऑगस्ट

हौदातल्या मादीला बाल्कनीच्या भांड्यात पिल्ले झाली. सगळी सरळ. आजचा सरळपणा मात्र हिशेबात धरायचा नाही. लाल वंशातील पिल्लेही जन्मतः सरळच असतात आणि साधारण महिन्याभराने वाकू लागतात.

२० ऑगस्ट

काल मुसळधार पावसामुळे शाळा-महाविद्यालये बंद होती आणि मधुरा मुलुंडहून येऊ शकली नाही. छायाचित्रे मी घेतली. हॉलमधील दुसरी वाकलेली मादी खाते आहे, पण वजन धरत नाही. तिसऱ्या एका नराच्या बाजूवर खवले उचकटलेले दिसतात.

५ सप्टेंबर

गौरी-गणपतीत घरात पाहुण्यांची मुले होती आणि मुलांचे हात काचेपेक्षा पाण्याकडेच जातात, म्हणून हॉलच्या टाकीला आठवडाभर झाकण व वर वजन ठेवले होते. कोणाला घाबरवले नाही. मासे आजारी आहेत, हात घालू नका, एवढे पुरले.

दुसरी मादी विसर्जनाच्या आदल्या दिवशी इतकी खंगली की तिला पोहता येईना. लवंगतेलाच्या पाण्यात तिला शांतपणे मरू दिले आणि लगेच उघडली. गाठी पहिल्यापेक्षा जास्त. पट्टीतील दांडेही जास्त.

२१ सप्टेंबर

आज मिश्र वेतातील पिल्लांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेतली. सहा आठवड्यांची झाली असून त्यांत एकही वाकलेले नाही. त्यांच्याच शेजारी, त्याच डब्यातील खाद्यावर वाढलेल्या लाल वंशाच्या त्याच वयाच्या वेतात चौघांची पाठ खचली आहे. बाल्कनीतील दोष वंशाचा आहे आणि बहुधा अप्रभावी (दोन्ही पालकांकडून आल्याशिवाय परिणाम न दाखवणाऱ्या) जनुकांचा, असे मानायला आता आधार आहे. पुढची पायरी म्हणजे या मिश्र भावंडांचा आपसांत संकर करून वाकड्यांचे प्रमाण मोजणे. पुस्तकी दृष्टीने ती आवश्यक आहे, तरी वाकडी पिल्ले निपजावीत म्हणून मासे जोडायला मी परवानगी दिली नाही. मधुराला ते फारसे रुचले नाही. तिने अहवालात 'अप्रभावी' या शब्दाआधी 'बहुधा' ठेवावा, एवढ्यावर मिटले.

बाल्कनीतील वाकडे मासे तसेच जगतील. ते खातात, पोहतात, आणि त्यांच्यामुळे कोणाला लागण होणार नाही. नर आणि माद्या वेगळ्या केल्या आहेत. एकाच जोडीवर पिढ्यान्‌पिढ्या रंग टिकवण्याच्या हौसेची किंमत असे मासे मोजतात.

५ ऑक्टोबर

हॉलच्या टाकीचा निर्णय झाला. उरलेले मासे तेथेच आयुष्य काढतील. ते कोणाला द्यायचे नाहीत, दुकानात परत करायचे नाहीत आणि पवई तलावात किंवा हौदात तर अजिबात सोडायचे नाहीत. शेवटचा मासा गेल्यावर स्पंज, खडी आणि वनस्पती पिशवीत बांधून कचऱ्यात जातील. काच आणि हीटर यांसाठी ७० टक्के अल्कोहोल वापरायचे, कारण साध्या ब्लीचला हे जंतू इतर जंतूंपेक्षा पुष्कळ कमी दाद देतात. त्यानंतर कडक उन्हात टाकी पूर्ण कोरडी करायची.

दुसऱ्या मादीच्या प्लीहेचा तुकडा ओळखीच्या मत्स्यविकृतितज्ज्ञ बाईंकडे संवर्धनासाठी पाठवला आहे. नमुन्याच्या डबीवर '३० अंश' असे ठळक लिहून खाली दोनदा रेघ ओढली. वाढ दिसायला काही आठवडे लागतील. मधुराने अहवालात निकालाची जागा रिकामी ठेवून बाकीचे लिहून काढावे.